जेरुसलेम कोणाचे?

ठाण्यात १८७९ सालचे सिनेगॉग आहे. तिथले बेने इस्राएल घरी आपल्यासारखेच मराठी बोलतात. प्रार्थनेला मात्र जेरुसलेमकडे तोंड करतात. हे शहर यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान तिघांनाही पवित्र. मग ते कोणाचे?

१९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरविले, ते आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली राहावे. तसे घडले नाही. १९८० साली इस्राएलच्या संसदेने कायदा केला, की अखंड जेरुसलेम ही आमची राजधानी. सुरक्षा समितीने तो कायदा रद्दबातल ठरविला. पॅलेस्टिनी लोकही पूर्व जेरुसलेमला आपली राजधानी म्हणतात. अमेरिकी काँग्रेसने १९९५ साली आपली वकिलात तेथे न्यावी असा कायदा केला. ती गेली २०१८ साली.

गुरुजी, मुलांना बांधाचे उदाहरण द्या. कागद दोघांकडेही असतात. बांध मिटतो तो दोघे एकत्र बसल्यावरच.