रेशनचं धान्य खराब निघालं तर परत कसं करायचं?

आज आपण रोजच्या भाताबद्दल बोलणार आहोत. रेशन दुकानातून घरी आणलेलं धान्य खराब निघालं तर काय करायचं, ते परत नेता येतं का, कुणाकडे बोलायचं, हा आजचा विषय. कागद-पेन जवळ असेल तर घ्या, कारण मधेमधे काही गोष्टी लिहून घ्यायच्या आहेत.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटातल्या एका मावशींनी रेशनचा तांदूळ आणला. घरी पिशवी ओतली तर खालच्या अंगाला गुठळ्या, दाणे काळपट आणि कुबट वास. मावशींनी तो दोन दिवस पत्र्यावर वाळवला. वास काही जाईना, म्हणून शेवटी कोंबड्यांपुढे टाकला. घरात खाणारी पाच तोंडं. महिनाभराचा तांदूळ मग किराणा दुकानातून उधारीवर आणला. बैठकीत ही गोष्ट निघाली तेव्हा आम्ही विचारलं, "मावशी, परत का नाही नेला?" तर म्हणाल्या, "अगं, फुकटचं धान्य. कुठल्या तोंडानं बोलायचं? आणि मशीनवर अंगठाही दिलेला."

मावशींची ही दोन्ही कारणं आपण नीट तपासून बघू, कारण ती आपल्या सगळ्यांच्या मनात असतात.

पहिलं कारण, फुकटचं धान्य. मैत्रिणींनो, हे दान नाही. 2013 साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. त्या कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य ठरवून दिलं आहे. आधी त्यासाठी आपण तांदळाला किलोमागे 3 रुपये आणि गव्हाला 2 रुपये देत होतो. जानेवारी 2023 पासून ते मोफत झालं, आणि जानेवारी 2024 पासून पुढची पाच वर्षं मोफतच राहील असं ठरलं. पैसे घेणं थांबलं म्हणून हक्क संपला नाही. खाण्यालायक धान्य देणं ही सरकारची जबाबदारी आहे. याच कायद्यानं रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या 18 वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव लावायला सांगितलं आहे. कार्ड आपल्या नावावर, तर बोलायचंही आपणच.

दुसरं कारण, अंगठा. हे मात्र खरं अडचणीचं आहे. मशीनवर अंगठा लागला की त्या महिन्याचं धान्य मिळालं अशी नोंद होते. नंतर धान्य कोंबड्यांनी खाल्लं की आपण, हे मशीनला कळत नाही. म्हणून पहिली सवय लावायची ती ही: आधी बघायचं, मग अंगठा द्यायचा.

बघायचं म्हणजे काय? ज्या पोत्यातून माप होणार आहे त्यातलं मूठभर धान्य हातावर घ्या. नाकाशी न्या. कुबट वास येतो का? मुठीत दाबा, ओलसर लागतं का? गुठळ्या, बुरशी, काळे दाणे, जाळी, अळ्या दिसतात का? दुकानात विक्रीच्या धान्याचा नमुना मांडून ठेवायचा असतो. साठा किती, कुणाला किती मिळणार, तक्रार कुणाकडे करायची, याचा फलकही लावायचा असतो. तो नमुना बघायला मागा. नमुना एक आणि पोत्यात दुसरंच असेल तर तिथंच बोला. "भाऊ, हे पोतं नको, दुसरं फोडा," एवढंच म्हणायचं. भांडायची गरज नाही.

मग वजन. काटा आधी शून्यावर आहे का बघा. पिशवी किंवा डबा ठेवून पुन्हा शून्य केला का बघा. पाच माणसांच्या प्राधान्य कार्डावर 25 किलो यायला हवं. गहू किती, तांदूळ किती, हे बदलत असतं, पण बेरीज बदलत नाही. दर महिन्याला एक किलो कमी आलं तर वर्षात 12 किलो गेलं. गावात 200 कार्डं असली तर महिन्याला दोन क्विंटल. शेवटी मशीनची पावती मागून घ्या. पावतीवर धान्य आणि वजन छापलेलं असतं. पिशवीतलं आणि पावतीवरचं जुळलं की निघा. ही पावती कार्डाच्या घडीतच ठेवायची. आणि कार्ड दुकानात ठेवून यायचं नाही, धान्य दिल्यावर ते ठेवून घ्यायचा दुकानदाराला अधिकार नाही.

आता, एवढं करूनही घरी आल्यावर पिशवीच्या तळाशी खराब निघालं तर?

आधी ठरवा की ते खरंच परत करण्यासारखं आहे का. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी 'प्लास्टिकच्या तांदळा'च्या असतात. बाया ते दाणे वेचून फेकतात, काही जणी अख्खा तांदूळ नाकारतात. तो प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकाराचे दाणे काढतात आणि साधारण 100 किलो तांदळात असे एक किलो दाणे मिसळतात. पीठ दाबून केलेले असल्यामुळे ते रंगाला जरा वेगळे दिसतात, काही वेळा पाण्यावर तरंगतात. अंगात रक्त कमी असणाऱ्या बायांसाठी आणि मुलांसाठीच ते घातलेले आहेत. ते वेचू नका, फार चोळून धुऊ नका, आणि भात बेताच्या पाण्यात शिजवा, पेज ओतून देऊ नका. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या.

थोडी कणी निघाली म्हणूनही परत नेऊ नका, कणीचं ठरावीक प्रमाण सरकारी नियमातच धरलेलं आहे. दोन-चार सोंडे निघाले तर ऊन दाखवून, चाळून धान्य वापरता येतं. पण बुरशी, कुबट वास, ओल, गुठळ्या, खडे-मातीचा भरणा किंवा जाळीनं भरलेलं धान्य घरात ठेवायचं नाही. बुरशीचं विष धुऊन, वाळवून, शिजवूनही पुरतं जात नाही. ते कोंबड्यांनाही घालू नका, त्या मरू शकतात. दुभत्या जनावराला घातलं तर दुधातून ते पुन्हा आपल्याच पोरांच्या पोटात येतं. मावशींच्या दोन कोंबड्या त्याच आठवड्यात मेल्या. कशानं मेल्या ते आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही, पण तेव्हापासून आम्ही हे प्रत्येक बैठकीत सांगतो.

परत करायचं ठरलं की उशीर करू नका, दुसऱ्याच दिवशी जा. धान्य वापरू नका, दुसऱ्या डब्यात मिसळू नका. मोबाईलवर फोटो काढा, पिशवी आणि पावती एकत्र दिसेल असा. अर्धा किलो धान्य स्वच्छ पिशवीत बांधून नमुना म्हणून घरीच ठेवा. बाकीचं धान्य, पावती आणि कार्ड घेऊन दुकानात जा. एकटीनं जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघींना बरोबर न्या.

तिथं काय मागायचं? पैसे मागायचे नाहीत. रेशनच्या बदल्यात रोख मिळत नाही. मागायचं ते जेवढ्यास तेवढं चांगलं धान्य. आणि एक गोष्ट ठळक लिहून घ्या: खराब धान्याच्या बदल्यात धान्य घेताना पुन्हा अंगठा द्यायचा नाही. दुसरा अंगठा म्हणजे दुसरी नोंद. मावशींच्याच गल्लीतल्या एका वहिनींना त्याच खेपेचा तांदूळ आला होता. त्या दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेल्या, आम्ही चौघी बरोबर होतो. दुकानदार आधी म्हणाले, "वरूनच असं आलंय, मी काय करू?" आम्ही म्हटलं, "दादा, वरून आलं असेल तर तुम्हीही वर कळवा, आमची सही घ्या." थोड्या वेळानं त्यांनी दुसरं पोतं फोडून तांदूळ बदलून दिला.

दुकानदाराचं म्हणणं नेहमीच खोटं असतं असं नाही. धान्य अन्न महामंडळाच्या कोठारातून तालुक्याच्या शासकीय गोदामात आणि तिथून दुकानात येतं. पावसात ट्रकची ताडपत्री गळली, गोदामात पोती भिंतीला लागली, तरी धान्य बिघडतं. पण खराब पोतं उतरवून न घेणं आणि गोदामाला कळवणं हे दुकानदाराचं काम आहे. ते ओझं आपल्या चुलीवर यायला नको.

बदलून द्यायला नकार मिळाला तर पायरी पायरीनं वर जा. आधी गावची दक्षता समिती. या कायद्यात दुकानाच्या पातळीवरही अशी समिती नेमायला सांगितलं आहे. तिच्यात कोण आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. मग तहसील कार्यालयातली पुरवठा शाखा. 1967 या मदत क्रमांकावर फोनही करता येतो, तक्रारीचा क्रमांक मात्र लिहून घ्या. तिथंही दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यांचा निर्णय पटला नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील.

तक्रार लेखी द्या. अर्ज लांबलचक नको. कार्डधारक बाईचं नाव, गाव, रेशन कार्ड क्रमांक, दुकान क्रमांक, धान्य घेतल्याची तारीख, किती किलो घेतलं, त्यात काय खराब निघालं, दुकानदार काय म्हणाले, आणि शेवटी एक ओळ: "खराब धान्याऐवजी तेवढेच चांगले धान्य मिळावे." पावतीची झेरॉक्स आणि फोटो जोडा. अर्जाच्या दोन प्रती करा आणि दुसरीवर शिक्का-सहीची पोच घ्या. पोच नसली तर आपण अर्ज दिला होता हे दाखवायचं कसं? एकाच खेपेचं धान्य अनेकींना खराब आलं असेल तर सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज करा. दहा सह्यांच्या कागदाकडे लवकर लक्ष जातं.

काही जणी म्हणतात, "दुकानदार गावातला, भावकीतला. उद्या त्यानं धान्यच दिलं नाही तर?" ही भीती खोटी नाही, म्हणून तर चौघींनी मिळून जायचं. आणि आता आपलं कार्ड एकाच दुकानाला बांधलेलं नाही. आधार जोडलेलं असेल तर दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या तालुक्यातल्या दुकानातूनही त्याच कार्डावर धान्य घेता येतं. ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेल्या घरांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं.

शेवटी, खराब म्हणून किंवा आवडत नाही म्हणून रेशनचा तांदूळ गावात फिरणाऱ्या टेम्पोवाल्याला विकू नका. रेशनच्या धान्याचा काळाबाजार हा गुन्हा आहे, आणि विकलेल्या धान्याची तक्रार मग कुठल्या तोंडानं करणार?

तर पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं गेल्या महिन्याची पावती आणि ओंजळभर धान्य घेऊन या. सगळ्यांचं शेजारी शेजारी ठेवून बघा. दुकानात बरोबर जायला दोघींची नावं ठरवा. आमच्या मावशी आता त्या दोघींपैकी एक आहेत. धान्य हातावर घेऊन वास घेतल्याशिवाय त्या कुणाला अंगठा लावू देत नाहीत.