कारागिराचा जीव आणि रोजच्या सवयी

धंद्याचा हिशेब मांडताना आपण भांडवल, माल, मजुरी, भाडे, वीजबिल आणि उधारी असे सगळे रकाने भरतो. सकाळी कामावर आलेला कारागीर संध्याकाळी हातीपायी धड घरी गेला की नाही, याचा रकाना मात्र कोणत्याच वहीत नसतो. रकाना नाही म्हणून तो खर्च टळत नाही. वर्षानुवर्षे तो साचत राहतो आणि एके दिवशी एकदम वसूल होतो. तेव्हा तो एकट्या मालकाकडून नव्हे, तर कारागिराच्या बायकामुलांकडून वसूल होतो.

परभणी जिल्ह्यात मोठे कारखाने मोजकेच आहेत. मानवत, सेलू, परभणी या कापसाच्या बाजारपेठांतील जिनिंग-प्रेसिंग आणि गंगाखेड भागातील साखर उद्योग सोडला, तर आपला सारा व्यवहार लहान दुकानांचा आहे. वेल्डिंगची दुकाने, गॅरेज, सुतारकाम, गवंडीकाम, विहिरींची कामे, मळणी यंत्रे. एक उस्ताद, दोन कारागीर आणि एक नवा शिकाऊ, एवढाच त्यांचा पसारा. देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतही वीज वापरणाऱ्या ठिकाणी २० आणि वीज न वापरणाऱ्या ठिकाणी ४० कामगार असल्याशिवाय ते ठिकाण ‘कारखाना’ ठरत नाही. म्हणजे कारखान्यांसाठी असलेली तपासणी आपल्या दुकानाच्या दारापर्यंत सहसा पोचतच नाही. मग तेथे कारागिराचा जीव सांभाळायचा कोणी? उत्तर एकच आहे : तेथे काम करणाऱ्या माणसांनी, आणि रोजच्या सवयींनी.

सोनपेठची आठवण

११ मे २०२३ च्या रात्री सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा शिवारात एका आखाड्यावरील शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून मरण पावले. ते एकमेकांच्या नात्यातले होते. एका रात्रीत एका कुटुंबाचे कमावते हात गेले. आपल्याकडे या टाकीला ‘सेप्टिक’ऐवजी सर्रास ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात. जिच्या नावातच सुरक्षितता आहे, तिच्याइतकी घातक जागा गावात दुसरी नसेल, हे या घटनेने दाखवून दिले.

अशा टाकीत नेमके काय घडते, हे प्रत्येक गुत्तेदाराने आणि प्रत्येक घरमालकाने समजून घेतले पाहिजे. आपण श्वास घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बंद टाकीत मैला कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू साचतात आणि प्राणवायूचे प्रमाण घटते. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. मजुराला वाटते वास गेला, म्हणजे वायूही गेला. प्रत्यक्षात तो क्षण सर्वांत धोक्याचा असतो. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

विहिरीत कंदील सोडून हवा पाहण्याची जुनी पद्धत येथे उपयोगाची नाही. कंदील जळत राहिला तरी विषारी वायू असू शकतो, आणि मिथेन असेल तर त्या ज्योतीनेच स्फोट होतो. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसणेही असेच जीवघेणे आहे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो.

वाचवायला उतरणारा

बंद जागेतील अपघातांचा एक क्रम ठरलेला आहे. एक जण खाली कोसळतो. वरचा भाऊ, मुलगा किंवा सोबती त्याला काढायला धावतो, तोही कोसळतो. मग तिसरा. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार सुरक्षा संस्थेने १९८६ साली नोंदवले होते की, बंद जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचवायला उतरलेली असतात. यात मूर्खपणा नाही, माया आहे. म्हणूनच त्या क्षणी शहाणपण सुचेल अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. जे करायचे ते आधीच हाडीमासी भिनलेले असावे लागते.

त्यासाठी नियम एकच ठेवावा : टाकीत माणूस उतरवायचा नाही. उपशाचा टँकर बोलवायचा. नाइलाजाने विहिरीसारख्या खोल, कोंडलेल्या जागेत उतरावेच लागले, तर हवा यंत्राने तपासून घ्यावी, ताजी हवा आत सोडत राहावी, उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि त्याला दोर असावा, आणि दोराचे टोक वर ओढू शकणाऱ्या माणसांच्या हातात असावे. माणूस कोसळला तर दोराने ओढायचे. मागोमाग उडी घ्यायची नाही.

कायदाही येथे स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने गटार किंवा मैल्याच्या टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही बंदी नगरपालिकेइतकीच घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. रक्कम वाढली हे योग्यच झाले, पण तीस लाखांत कोणाचा बाप परत येत नाही.

पूर्णेच्या रुळांवरचा धडा

सवय म्हणजे काय, हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्या पूर्णा जंक्शनवरून धावणाऱ्या गाड्यांच्या इंजिनात दोन माणसे असतात. पुढचा सिग्नल दिसला की चालक आणि त्याचा सहायक तो एकमेकांना मोठ्याने सांगतात. दोघांनाही तो दिसत असतो, तरी सांगतात. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची जीभ त्याला सावध करते.

जपानच्या रेल्वेत ही रीत अधिक पुढे गेली आहे. तेथील कर्मचारी प्रत्येक सिग्नलकडे आणि मापाकडे बोट दाखवून ते मोठ्याने उच्चारतो. तेथील रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली साध्या कामावर हे पडताळले. शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या, त्या बोट दाखवून बोलण्याने ०.३८ वर आल्या. या उपायाला दमडीचा खर्च नाही.

आपल्या दुकानात हेच करता येते. मशीन सुरू करण्यापूर्वी ‘हात बाहेर?’ असे विचारायचे आणि ‘बाहेर’ असे उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचे नाही. जिनिंगमध्ये पट्टा किंवा रोलर साफ करायचा असेल, तर मेन स्विच पाडून फ्यूज काढावा आणि ज्याचा हात यंत्रात जाणार आहे त्याच्याच खिशात तो ठेवावा. त्याच्या खिशातून फ्यूज बाहेर आल्याशिवाय यंत्र फिरूच शकत नाही. पदर खोचून, ओढणी आणि वेणी बांधूनच पट्ट्याजवळ जाणे, रुईच्या ढिगाऱ्याजवळ बिडी-काडी न नेणे, मळणी यंत्रात हाताने पेंढी रेटण्याऐवजी लांब व वरून झाकलेल्या तोंडातून ती सोडणे, रिकाम्या वाटणाऱ्या डिझेलच्या पिंपाला धुतल्याशिवाय वेल्डिंग न लावणे, ग्राइंडरचे झाकण काढून न टाकणे. यातली एकही गोष्ट कारागिराला ठाऊक नाही असे नाही. ठाऊक असणे आणि रोज करणे यांत जे अंतर आहे, त्यातच अपघात घडतात.

उस्तादाचे वागणे

हे अंतर भरून काढतो तो उस्ताद. शिकाऊ मुलगा पाटी वाचून शिकत नाही, उस्तादाचे हात पाहून शिकतो. उस्तादच काळ्या काचेशिवाय टाके मारत असेल, तर मुलगाही तसेच मारणार आणि रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून तळमळणार. ‘आम्ही वीस वर्षे असेच केले, काय झाले?’ हे वाक्य आपल्या दुकानांतून हद्दपार झाले पाहिजे. ज्यांना काही झाले, ते हे वाक्य बोलायला दुकानात उरलेले नसतात.

दुसरी गोष्ट, थोडक्यात टळलेल्या अपघाताची. शिडी घसरली पण कोणी पडले नाही, शॉक लागला पण झटका बसून सुटला, अशा गोष्टी कारागीर लपवतात, कारण सांगितले तर शिव्या मिळतात. सांगणाऱ्याला शाबासकी देणारा मालक पुढचा मोठा अपघात आधीच विकत घेऊन मोडीत काढतो. अमेरिकेतील ‘अल्कोआ’ या ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख म्हणून पॉल ओनील १९८७ साली आले, तेव्हा भागधारकांपुढे त्यांनी नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेची गोष्ट मांडली. लोकांना ते चमत्कारिक वाटले. पुढे त्यांच्या काळात अपघातही घटले आणि नफाही वाढला. कारण अपघात का झाला हे शोधताना काम कोठे बिघडते आहे, तेच सापडते.

ठराव बाजाराचा हवा

एक अडचण मात्र खरी आहे. एका मजुराने ‘मी टाकीत उतरणार नाही’ म्हटले, तर त्याचा रोज बुडतो आणि दुसरा कमी पैशात उतरतो. गुत्त्याने काम घेतले की घाई आलीच. एकट्याच्या शहाणपणाला बाजारात किंमत नसते. म्हणून हा ठराव साऱ्या बाजाराने मिळून करावा. सोनपेठ, पाथरी, जिंतूर, गंगाखेड अशा प्रत्येक गावी त्या त्या धंद्यातील उस्ताद आणि गुत्तेदार एकदा एकत्र बसले आणि ‘अमुक काम अशा रीतीने कोणीच करणार नाही’ असे दोन-तीन नियम ठरले, तर मालकालाही पर्याय उरत नाही. जुम्म्याच्या दिवशी किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी अर्धा तास त्यासाठी पुरेसा आहे.

सफाईचे काम करणाऱ्यांना यात धंदाही आहे. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेतून सफाई कामगारांना उपसा यंत्रासाठी भांडवली अनुदान मिळते. जो मजूर दोर बांधून टाकीत उतरत होता, तोच टँकरचा मालक होऊ शकतो. बांधकाम मजुरांनी वर्षातील ९० दिवसांच्या कामाच्या दाखल्यावर कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. प्रत्येक मालकाने आपल्या कारागिरांचे हे पैसे स्वतः भरले, तरी ती रक्कम दुकानाच्या महिन्याच्या चहापाण्याहून कमी भरेल.

तरीही विमा ही शेवटची ओळ आहे, पहिली नव्हे. पहिली ओळ सकाळी दुकान उघडताना लिहायची असते : आज कोण कोणते काम करणार, त्यात काय बिघडू शकते, आणि बिघडले तर काय करायचे. दोन मिनिटांचे हे बोलणे उद्यापासून सुरू करावे. नवा शिकाऊ असेल तर त्यालाच आधी बोलू द्यावे.