खोलीही वाजत असते

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की सामान लागण्याआधी हॉलच्या मध्यभागी उभं राहून एकदा टाळी वाजवून पाहा. टाळी एकच, पण तिच्यामागून बारीक ‘टर्रर्र’ असा आवाज क्षणभर रेंगाळतो. समोरासमोरच्या सिमेंटच्या भिंती, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, बाल्कनीला काचेचा सरकता दरवाजा; आवाज शोषून घेणारं तिथे काहीच नसतं. पुढे याच हॉलमध्ये पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा ५.१चा संच येतो आणि पहिल्याच सिनेमाला तक्रार सुरू होते: गाणी दणदणीत, मारामारी दणदणीत, पण बोललेलं कळत नाही.

‘वॉट कमी पडले’ हा त्यावरचा पहिला निष्कर्ष, आणि तोच सगळ्यात महागात पडतो. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. शिवाय आवाज वाढवला की खोलीचा घुमाराही तेवढाच वाढतो. शब्द एकमेकांवर चढत असतील, तर मोठ्याने बोललेलेही चढणारच.

हे कोडं १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकापुढे आलं. फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. सेबाइन रात्रीच्या शांततेत शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या तिथे आणून मांडत आणि घुमारा किती घटला ते मोजत. त्यातून नियम हाती आला: खोली जितकी मोठी तितका घुमारा लांब, आणि आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितका तो आखूड. दहा बाय पंधराच्या मोकळ्या, टाइल्सच्या हॉलचं गणित या सूत्राने दीड-दोन सेकंदांच्या घरात जातं. सिनेमाला घुमारा अर्ध्या सेकंदाच्या आत हवा.

इथे ‘भिंतीला अंड्याचे ट्रे किंवा फोम लावा, शेजाऱ्यांनाही त्रास नाही’ असा सल्ला हमखास मिळतो. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. आवाज बाहेर जाऊ न देण्यासाठी वजन आणि हवाबंदपणा लागतो. दाराखालची फट उघडी असेल तर भिंतीवर काहीही लावून उपयोग नाही. खोलीतला घुमारा कमी करणं हे निराळं काम, आणि त्यालाही एक इंची फोम अपुरा. तो फक्त वरचे, टोकदार स्वर शोषतो. ५० हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे सात मीटर लांब असते, तिला तो फोम जाणवतही नाही. चारही भिंती फोमने मढवल्या की खोलीतली चमक जाते आणि धडधड तेवढी उरते.

त्यापेक्षा आरसा घ्या. एकाने सोफ्यावर बसावं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. बसलेल्याला आरशात जिथे स्पीकर दिसेल, त्याच जागी स्पीकरचा आवाज आपटून कानाकडे वळतो. तिथे तीन-चार इंच जाडीची कापसाची गादी कापडी खोळीत घालून लावा. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड गालिचा, काचेला चुण्यांचा भरदार पडदा, मागे पुस्तकांचं कपाट. एवढ्याने टाळीची ‘टर्रर्र’ जवळपास थांबते.

‘बासला दिशा नसते, सबवूफर कुठेही ठेवा’ यातलं पहिलं विधान बरंचसं खरं आहे. ८० हर्ट्झच्या खालचा स्वर कुठून येतोय हे कानाला सहसा उमगत नाही. पण तो कुठे किती ऐकू येईल, हे खोली ठरवते. १२ फूट लांबीची खोली सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर आपणहून फुगवते: भिंतींपाशी तो ढुम्म वाजतो, मधोमध नाहीसा होतो. म्हणून मागच्या भिंतीला चिकटलेल्या सोफ्यावर बास अंगावर येतो. चौरस खोलीत लांबी-रुंदीचे स्वर एकाच हर्ट्झवर साचतात, तिथे त्रास अधिक. उपाय साधा आहे. सबवूफर उचलून चक्क आपल्या बसण्याच्या जागी ठेवा, बासची ओळखीची चाल लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत, कान जमिनीलगत ठेवून ऐका. जिथे प्रत्येक ठोका सुटा आणि सारख्या जोराचा लागेल, ती सबवूफरची जागा. कोपरा सगळ्यात मोठा वाजतो, पण चांगला वाजेलच असं नाही.

ॲम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये लोक स्पीकरना ‘लार्ज’ करतात, कारण ‘स्मॉल’ ऐकायला कमीपणाचं वाटतं. त्या शब्दाचा स्पीकरच्या दर्जाशी संबंध नाही. ‘स्मॉल’ म्हणजे ८० हर्ट्झच्या खालचं ओझं सबवूफरकडे सोपवणं, आणि घरगुती स्पीकरना तेच झेपतं. आवाजाला एक फूट जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, म्हणून प्रत्येक स्पीकरपासून कानापर्यंतची अंतरं अंदाजाने नको, टेपने मोजून भरा. मोजणीचा माइक हातात धरू नका; तो बसल्यावर कान येतो त्या उंचीवर तिपाईला लावा आणि पंखा बंद ठेवा. मागचे स्पीकर छताला टांगायचे नसतात. ५.१मध्ये त्यांची जागा कानांच्या बाजूला, किंचित मागे आणि थोडी वर.

संवाद बहुतांश सेंटर स्पीकरमधून येतात, आणि बहुतेक घरांत तोच टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला असतो. त्याचा आवाज कप्प्यातच घुमतो. आज संध्याकाळी तो फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा, तोंड कानाकडे वर करा, लागल्यास पातळी २-३ डेसिबलने वाढवा आणि कालचाच सिनेमा पुन्हा लावून पाहा. नव्या ॲम्प्लिफायरची चौकशी त्यानंतर करा.