वेग कमी होताना

माझ्या वडिलांनी १९७८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आजही आमच्या अंगणात उभी आहे. फियाट ११०० च्या आराखड्यावर मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी, १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या ताफ्यातून पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आमची मात्र अजून रविवारी बाहेर पडते. वडील याच गाडीतून लालबागपासून रावेरपर्यंत रुग्ण पाहायला जात. त्यामुळे तिचे दुखणे हे आमच्या घरात घरच्या माणसाचे दुखणे समजले जाते.

गेल्या वर्षी तिला एक चमत्कारिक विकार जडला. असीरगडच्या रस्त्यावर ती सुरेख पळे. परंतु चौक आला, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की दोन आचके देऊन बंद पडे. पुन्हा चावी फिरवली की तत्काळ सुरू. धावताना निरोगी आणि थांबू लागताच बेशुद्ध, असा प्रकार.

मी त्यावर जो उपचार केला, तो सांगताना आज संकोच वाटतो. कार्बुरेटरवरचा रेसचा स्क्रू मी दीड फेरा आत फिरवला. पाय उचलल्यावरही इंजिन जोरात फिरत राहिले, बंद पडेनासे झाले, आणि मी स्वतःवर खूश झालो. आठवडाभराने शनवारा दरवाजाजवळ सहा-सात वर्षांचा एक मुलगा चेंडूमागे अकस्मात रस्त्यावर आला. मी पाय उचलला. पण गाडी मंदावण्याऐवजी पुढे रेटतच राहिली. सारे बळ एकवटून ब्रेक दाबला तेव्हा ती त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. मुलगा चेंडू घेऊन हसत निघून गेला. आयुष्यभर मुलांवर उपचार करणारा मी मात्र बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून होतो. माझे हात कापत होते.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांच्या वेळच्या वयोवृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडण्याआधीच विचारले, "डॉक्टरसाहब, बंद कब होती है?" थंड असताना की गरम झाल्यावर? नुसता पाय उचलला की जोराचा ब्रेक मारला तर? वळणावर की सरळ रस्त्यावर?

प्रत्येक प्रश्नामागे एक निदान होते. केवळ जोराच्या ब्रेकने इंजिन बंद पडत असेल, तर कार्बुरेटरच्या वाटीतले पेट्रोल पुढे उसळत असते; तेव्हा फ्लोटची पातळी तपासावी. गाडी थंड असतानाच बंद पडत असेल, तर चोक पाहावा. मंद गतीत इंजिन मिस मारत असेल, तर पॉइंटमधले अंतर व प्लग पाहावेत. कार्बुरेटरच्या खालच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा शिरत असेल, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन मंद गतीत टिकत नाही. आणि नुसता पाय उचलताच बंद पडत असेल, तर पहिला संशय 'स्लोच्या जेट'वर.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वेगात असताना पेट्रोल मुख्य जेटमधून येते. पाय उचलला की हवेची झडप जवळजवळ मिटते आणि मुख्य मार्गाचा पुरवठा थांबतो. तेव्हा इंजिन जगते ते एका निराळ्या, अतिशय अरुंद मार्गावर. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हे काम संगणक सांभाळतो. जुन्या कार्बुरेटरमध्ये ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या एका छिद्रावर अवलंबून असते. आपल्या गावातील १६१५ च्या कुंडी भंडाऱ्याचे उदाहरण घ्या. सातपुड्याचे पाणी भुयारी वाटेने शहरात येते. त्या वाटेत चुन्याचे थर साचले की डोंगरात पाणी असूनही शहरापर्यंत ते कमीच पोहोचते.

मिस्त्रींनी एक रबरी नळी कानाला लावून तिचे दुसरे टोक गॅस्केटभोवती फिरवले. हवेची सीत्कार ऐकू आली नाही. मग त्यांची नजर मी फिरवलेल्या स्क्रूवर गेली. तो त्यांनी मुकाट्याने मूळ जागी आणला, इंजिन लगेच बंद पडले, आणि ते म्हणाले, "अब असली बीमारी दिखी." माझ्या उपचाराने रोग तसाच राहिला होता, झाकले गेले होते ते लक्षण.

त्या क्षणी मला पंचवीस वर्षांपूर्वीचा एक बालक आठवला. वय तीन वर्षे. पहाटे झटका आला म्हणून आईवडिलांनी धावत आणले होते. वाटेत आईने त्याच्या ओठांना गुळाचे पाणी लावले होते, हे मला नंतर कळले. माझ्याकडे पोहोचेपर्यंत तो शुद्धीवर होता, रक्तातील साखर योग्य होती, पुढे काढलेला ईईजीही ठीक आला. तरीही मी झटक्यांचे औषध सुरू केले. महिन्याभराने तो पुन्हा पहाटेच आला, या वेळी अर्धवट शुद्धीत. साखर होती ३६, आणि लघवीत कीटोन. तेव्हा कुठे मी विचारले, "रात्री जेवला होता का?" आई म्हणाली, "नाही हो साहेब, लग्नाहून आलो अन् तसाच झोपला. मागल्या वेळीही तसंच झालं होतं."

दिवसा खातापिता असताना ते मूल पूर्ण निरोगी होते. रात्री जेवणाचा मुख्य पुरवठा थांबला की शरीराला साठ्यातून साखर पुरवावी लागते, आणि त्याचा तो राखीव मार्ग लहान पडत होता. इतर कारणे तपासून वगळल्यावर निदान झाले कीटोटिक हायपोग्लायसेमियाचे. झटक्यांचे औषध बंद केले. रात्री झोपण्यापूर्वी नेमाने खाणे आणि आजारपणात साखरेचे पाणी, एवढ्यावर ते मूल सुखरूप वाढले. महिनाभर मी त्याला नको असलेले औषध दिले होते. दुसऱ्या पहाटे आईला जाग आली नसती तर काय झाले असते, हा विचार अजूनही मला अस्वस्थ करतो. आणि तोच धडा मी गाडीच्या बाबतीत विसरलो होतो.

मिस्त्रींनी जेट काढून उजेडाकडे धरला. पलीकडचे काही दिसेना. त्यात तार घालू नये, छिद्र मोठे होऊन कायमचे बिघडते, असे सांगत त्यांनी सायकलच्या पंपाने हवा मारली. काळे कण बाहेर पडले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कचरा आला कुठून, हे त्यांनी शोधले. टाकीपासून येणारी रबरी नळी आतून कुजली होती. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचे मिश्रण रूढ झाले. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते, ते त्यात मऊ पडून त्याचे कण सुटू शकतात. तरी सारा दोष इंधनाला देणार नाही. वीस वर्षे ती नळी मी बदलली नव्हती. इथेनॉल सोसणारी नळी आणि नवा फिल्टर बसवला, स्लो पुन्हा जुळवला, आणि गाडी चौकात शांतपणे गुरगुरत उभी राहू लागली.

माझ्या दवाखान्यातील केसपेपरवर, झटक्यांच्या रुग्णांसाठी, त्या बालकानंतर एक ओळ छापून घेतली होती : 'आदल्या रात्री काय व किती जेवला?' पुढे नवे कागद छापताना ती गळून गेली होती. या वर्षी ती मी पुन्हा घातली आहे.