घरी बांधलेल्या विमानाचे चाक

विमान म्हटले की माणसाची दृष्टी सहजच वर जाते. पंखांची ठेवण आणि इंजिनाची शक्ती यांविषयी कुतूहल बाळगणारे पुष्कळ आढळतात. परंतु प्रत्येक उड्डाणाचा आरंभ आणि शेवट जमिनीवर, चाकांच्या आधाराने होतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. चाक आणि त्याचा आंस यांच्या दरम्यान बसविलेली पोलादी बेअरिंगे हा तर त्याहूनही दुर्लक्षित भाग होय. बैलगाडीच्या आंसाला वंगण कमी पडले की चाक करकरू लागते आणि गाडीवान वेळीच सावध होतो. विमानाच्या चाकाचे तसे नाही. दर उड्डाणात ते काही मिनिटेच फिरते, इंजिनाच्या आवाजात त्याची कुरकुर बुडून जाते, आणि पुष्कळदा हवेचा विरोध कमी करणाऱ्या आवरणाखाली ते झाकलेलेही असते. म्हणून त्याची तक्रार ऐकू येण्याची वाट न पाहता ती शोधून काढावी लागते.

कारखान्यात तयार झालेल्या विमानाच्या बाबतीत हा शोध घेण्याचे काम परवानाधारक यंत्रज्ञाकडे असते. परंतु हौशी माणसांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या लहान विमानांचाही एक वर्ग आहे. अमेरिकेत १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यातील मिल्वॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी लोकांसाठी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था स्थापन केली, आणि त्या देशात या छंदाला चांगलेच बळ आले. भारतात हा मार्ग अधिक बिकट आहे; तरीही मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली.

अमेरिकेच्या नियमांनुसार विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी केवळ शिक्षण वा मनोरंजन या हेतूने केलेला असला, म्हणजे ते विमान या वर्गात नोंदविता येते. त्याची दुरुस्ती मालकाने स्वतः करण्यास हरकत नसते. दर बारा महिन्यांनी होणारी तपासणी मात्र परवानाधारक यंत्रज्ञाने करावी लागते. किंवा बांधणाऱ्याने त्या एका विमानापुरते प्रमाणपत्र मिळविले असेल, तर ती त्याला स्वतःला करता येते. म्हणजे काम करणारा, त्या कामाची परीक्षा करणारा आणि पुढे त्याच विमानात बसणारा, हे तिघेही पुष्कळदा एकच असतात. बेअरिंग बदलण्यासारख्या साध्या कामातही या गोष्टीला फार महत्त्व आहे.

या चाकांत सामान्यतः निमुळत्या रोलरांची बेअरिंगे वापरतात. त्यांचे पेटंट १८९८ साली हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनविणाऱ्या कारखानदाराला मिळाले. गाडी वळण घेते तेव्हा चाकावर वरून भार येतो आणि बाजूनेही रेटा बसतो. हे दोन्ही एकाच वेळी पेलण्यासाठी रोलर निमुळते करण्याची ही युक्ती आहे. बेअरिंगाचे दोन भाग असतात. बाहेरचे कडे, म्हणजे वाटी, चाकाच्या तुंब्यात घट्ट बसविलेली असते. आतले कडे, म्हणजे शंकू, आंसावर चढते, आणि त्याभोवती पत्र्याच्या पिंजऱ्यात धरलेले रोलर असतात. प्रत्येक चाकाला अशी दोन बेअरिंगे समोरासमोर तोंड करून बसविलेली असतात.

विमान उतरताना या रोलरांवर काय प्रसंग येतो, हे साध्या हिशेबाने कळते. लहान विमानाच्या चाकाचा टायरसह व्यास साधारण ३५ सेंटीमीटर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने ते धावपट्टीला टेकले, म्हणजे निश्चल असलेले चाक क्षणार्धात मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांच्या वेगाने फिरू लागते. त्याच क्षणी विमानाचा भार व उतरण्याचा धक्काही त्यावर पडतो. अशा वेळी एका बाजूचे बेअरिंग अडकले, तर विमान त्या बाजूला ओढले जाऊन धावपट्टी सोडू शकते.

बेअरिंग फिरून फिरून झिजते, असा सर्वसाधारण समज आहे. हौशी माणसाच्या विमानाच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. असे विमान वर्षाकाठी थोडेच तास उडते आणि उरलेला काळ उभे असते. धुताना शिरलेले पाणी किंवा हवेतील ओल रोलर आणि कडे जेथे एकमेकांना टेकतात, त्या चिंचोळ्या जागेत साचते व तेथे गंज धरतो. वाटीच्या आतील चकचकीत पृष्ठभागावर रोलरांच्या अंतराने उमटलेल्या काळसर रेघा ही त्याची खूण होय. पुढे चाक फिरू लागले की त्या रेघांच्या कडांवरून पोलादाचे कण सुटतात, ग्रीजमध्ये मिसळतात आणि उरलेला पृष्ठभाग खरवडून काढतात. पोलादावर निळसर झाक दिसली, तर ते अतिशय तापले होते असे समजावे. पिंजरा वाकला असेल किंवा वाटीत खड्डे पडले असतील, तर वेगळ्या पुराव्याची आवश्यकता नाही.

ही परीक्षा करण्यापूर्वी जुने ग्रीज द्रावकाने पूर्णपणे धुऊन काढावे लागते. धुतलेले बेअरिंग दाबाच्या हवेच्या झोताने गरगर फिरवून वाळविण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलाच पाहिजे; कोरडे रोलर त्याने खराब होतात आणि पिंजऱ्यातून निसटले तर इजाही करू शकतात. वाटीवरून नखाचे टोक हळूच फिरविले असता जो खळगा डोळ्यांना संशयास्पद वाटतो, तो नखाला निश्चितपणे जाणवतो. वाटी व शंकू यांची झीज एकमेकांच्या संगतीने होत असल्यामुळे दोन्ही एकदमच बदलणे योग्य ठरते.

चाक उतरविताना एक गोष्ट कधीही विसरता कामा नये. लहान विमानाचे चाक दोन अर्धकांचे असून ते बोल्टांनी जोडलेले असते. टायरमधील हवा पूर्णपणे सोडल्याशिवाय ते बोल्ट सैल केले, तर दाबाखालील अर्धके उडून प्राणांतिक इजा होऊ शकते. म्हणून विमान जॅकवर घेतल्यानंतर आणि बोल्टांना हात लावण्यापूर्वी हवा सोडणे हे सर्वांत महत्त्वाचे काम होय.

आता प्रश्न येतो घट्ट बसलेली जुनी वाटी काढण्याचा. हातोड्याने ठोकून ती निघेलही, परंतु तुंब्याचा मऊ धातू खरवडला जाईल आणि नवी वाटी त्यात कायमची सैल राहील. येथे पदार्थविज्ञान साह्याला येते. ॲल्युमिनिअम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. चाकाचे अर्धक अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवले, तर सुमारे ५९ मिलिमीटर व्यासाचे त्याचे छिद्र मिलिमीटरच्या एक दशांशाइतके मोठे होते, तर त्यातील पोलादी वाटी निम्म्यानेच वाढते. एवढ्याशा फरकाने पकड सैल होते आणि नरम दांड्याच्या हलक्या, सर्व बाजूंनी सारख्या ठोक्यांनी वाटी बाहेर येते. नवी वाटी बसविताना हीच युक्ती दोन्ही अंगांनी योजतात: अर्धक तापवितात आणि वाटी कोरड्या बर्फात, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइडमध्ये, निदान पंधरा मिनिटे थंड करतात. मग ती आपल्या जागी अलगद उतरते. ती तळाशी सर्व बाजूंनी टेकली आहे की नाही, हे पाहणे मात्र आवश्यक असते.

त्यानंतर वंगण. ग्रीज म्हणजे साबण किंवा विशिष्ट माती यांच्या जाळ्यात धरून ठेवलेले तेल. निरनिराळ्या आधारांची ग्रीजे एकत्र आली तर ते जाळे मोडून तेल वाहून जाण्याचा संभव असतो. म्हणून जुन्याचा अंशही राहू देऊ नये. तळहातावर ग्रीज घेऊन त्यावर शंकूची रुंद बाजू दाबीत राहावे. रोलरांच्या फटींतून ते दुसऱ्या बाजूने बाहेर पडले, म्हणजे आतील पोकळी भरली असे समजते. धूळ व पाणी अडविणाऱ्या बाहेरच्या चकत्या जुन्याच ठेवल्या, तर नव्या बेअरिंगाची गत जुन्यासारखीच होते.

शेवटचे काम नट आवळण्याचे. ते हातांच्या अंदाजावर अवलंबून असल्याने सर्वांत नाजूक. चाक फिरवीत फिरवीत नट आवळतात, त्यायोगे रोलर आपापल्या जागी बसतात. मग किंचित सैल करून कॉटर पिनेचे जवळचे छिद्र जुळवितात. चाक किंचित जड परंतु एकसारखे फिरावे आणि वरखाली धरून हलविले असता डुलू नये, ही कसोटी. नट फार आवळला तर बेअरिंग तापते, सैल राहिला तर चाक डगमगते आणि ब्रेकची तबकडीही वाकडी चालते. नव्या बेअरिंगामुळे पिनेचे छिद्र जुळत नसेल, तर जुळेल तेथवर नट ओढून घेण्याचा मोह होतो. हा एवढासा मोह सगळ्या श्रमांवर पाणी फिरवू शकतो.

हे सारे झाल्यावर नोंदवहीत तारीख, केलेले काम आणि सही येते. कारखान्याच्या पद्धतीत एकाचे काम दुसरा तपासतो आणि चुकीला दोन चाळण्यांतून जावे लागते. घरी बांधलेल्या विमानाच्या मालकाला बहुधा ही दुसरी चाळणी लाभत नाही. रविवारी चांगले ऊन पडले आहे, मित्र येणार आहे, आणि वाटीवरची रेघ तशी बारीकच आहे. अशा वेळी ती रेघ पुसट आहे असे स्वतःला पटवून देणे फार सोपे असते. कायद्याने त्याला दिलेली मोकळीक अखेर याच विश्वासावर उभी आहे, की जो माणूस स्वतःचे विमान बांधू शकतो, तो स्वतःच्या कामातील दोषही पाहू शकेल. म्हणून जाणते बांधणारे नट आवळून झाल्यावर शेजारच्या हौशी सोबत्याला हाक मारतात आणि एकदा चाक फिरवून पाहण्यास सांगतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. नियमाने न दिलेली दुसरी चाळणी ते आपणहून लावून घेतात, आणि मगच विमान जॅकवरून खाली येते.