बिल निम्मं-निम्मं, पण भार?

हॉटेलचं बिल २,००० रुपये झालं आणि दोघांनी हजार-हजार भरले, की हिशेब चोख झाला असं वाटतं. पण एकाचा पगार ९०,००० आणि दुसरीचा ३०,००० असेल, तर तोच हजार तिला तिप्पट जड जातो. म्हणून नेहमीचा खर्च कमाईच्या प्रमाणात, म्हणजे इथे १,५०० आणि ५०० असा वाटून घेणं मला जास्त न्याय्य वाटतं. मग जास्त भरणाऱ्याचंच चालणार, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी कुठे जायचं आणि किती खर्चायचं हे कमी कमावणाऱ्याच्या खिशाकडे बघून ठरवावं.

भेटवस्तूंचं गणित वेगळं. प्रेमात कसला हिशेब, असं म्हणतात खरं. पण फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५च्या निबंधात अनेक समाजांतल्या रूढी तपासून दाखवलं, की देणं, स्वीकारणं आणि परतफेड ही तिन्ही बंधनंच असतात. वाढदिवसाला महागडा फोन हातात पडला, की त्या तोडीचं आता काय द्यायचं, ही विवंचना सुरू होते. समोरच्याला परतफेड झेपेल, एवढीच भेट द्यावी. आपला आयकर कायदाही प्रेमी जोडप्याला नवरा-बायकोसारखं धरत नाही: लग्नाआधी जोडीदाराकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम भेट मिळाली, तर ती सगळीच करपात्र ठरते. शिवाय एकदा स्वीकारलेली भेट, नातं तुटलं एवढ्याच कारणावरून, साधारणपणे हक्काने परत मागता येत नाही. म्हणून पैसे उसने दिले असतील, तर तसा साधा मेसेज त्याच वेळी पाठवून ठेवावा.