संत्र्याएवढा गुरू

शाळेच्या भिंतीवरील सूर्यमालेच्या तक्त्यात ग्रह एकमेकांना खेटून उभे असतात. मुले अंतरांचे आकडे पाठ करतात, गुणही मिळवतात. परंतु अवकाशाच्या रितेपणाची कल्पना त्यांना येत नाही. अंदाजपत्रकातील कोटींचे आकडे वाचणाऱ्या प्रौढांची अवस्था तरी कोठे निराळी असते?

नागपुरात हा दोष दूर करण्यास खर्च जवळजवळ नाही. अंतरे मोजण्यासाठी ब्रिटिश अमदानीत उभारलेल्या झिरो माइल स्तंभापाशी 70 सेंटिमीटर व्यासाचा कागदी सूर्य ठेवावा. 1 मिलिमीटर म्हणजे 2,000 किलोमीटर, हे प्रमाण. मग पृथ्वी वाटाण्याएवढी होते आणि 75 मीटरांवर जाते. गुरू म्हणजे नागपुरी संत्रे. ते मात्र 390 मीटर चालून गेल्यावर ठेवायचे. नेपच्यून सव्वादोन किलोमीटरांवर, गांधीसागर तलावाच्या आसपास. तेथील रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे. त्याच्या घुमटाखाली आकाश दिसते; हे अंतर पायांनाच कळते.

अभ्यासक्रम केव्हा पुरा करावा, असे शिक्षक विचारतील. एका दुपारचा हा प्रश्न आहे, आणि तक्ता तर वर्षभर चुकीचे शिकवीत असतो.

सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा या प्रमाणात सुमारे 20,000 किलोमीटरांवर, म्हणजे पृथ्वीच्या थेट पलीकडच्या बाजूस येतो. चंद्र मोहरीएवढा. 1969 साली माणूस त्यावर उतरला. तो प्रवास येथे 19 सेंटिमीटरांचा. मुलांनी तो पट्टीने मोजून पाहावा.